महिन्याचे दोन पौंड

तिला पाहायचं तर बँकेच्या खातेउताऱ्यात शोधावं लागतं. घरभाडं, वीजबिल, मोबाइलचा हप्ता, किराणा यांच्या रांगेत एक बारीकशी ओळ असते: एक्सेटर सिटीच्या चाहत्यांच्या ट्रस्टला दोन पौंड. महिन्यातून एकदा ही रक्कम खात्यातून आपसूक वळती होते आणि पुढच्या महिन्यापर्यंत कुणाला तिची आठवणही राहत नाही. एवढ्या पैशांत सामन्याचं तिकीट सोडाच, मैदानावरची गरम पेस्टीसुद्धा येत नाही.

इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन नावाचा परगणा आहे. त्यातल्या एक्सेटर या शहराचा फुटबॉल क्लब २००३ साली या वर्गणीच्या ताब्यात आला. कागदोपत्री मालक म्हणजे वर्गणी देणारे सभासद. पण सभासद शहर सोडून जातात, म्हातारे होतात, एक दिवस जगाचाही निरोप घेतात आणि त्यांच्या जागी दुसरे येतात. ती मात्र तेव्हापासून घर धरून बसली आहे. म्हणून मालकीण म्हणायचं तर मी तिलाच म्हणेन.

स्वभावानं ती कमालीची समानवादी. महिन्याला दोन, वर्षाला चोवीस पौंड ही बरीच वर्षं तिची किमान पायरी. कुणाला दहा द्यायचे असतील तर त्यानं खुशाल द्यावेत, शंभर द्यावेत. ती घेईल, आभारही मानेल, पण मत एकच देईल. शहरातला मोठा बांधकाम व्यावसायिक आणि पेन्शनीवर जगणाऱ्या आजी, दोघांच्या मताची किंमत तिच्या लेखी सारखी. हे सभासद मिळून ट्रस्टचं मंडळ निवडतात. क्लबचे निम्म्याहून अधिक शेअर ट्रस्टकडे, त्यामुळे क्लबच्या संचालक मंडळात कोण बसणार यावर शेवटचा शब्द ट्रस्टचा. लाभांश नाही, बोनस नाही, व्हीआयपी कक्षातली खुर्ची नाही. वर्षाच्या शेवटी सभासदाच्या हाती काय येतं, तर वार्षिक सभेची सूचना आणि हिशेबाचा कागद.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या वाचकाला काहीतरी ओळखीचं वाटलं तर त्यात नवल नाही. नातं खरंच आहे. इंग्लंडमध्ये असे ट्रस्ट ज्या कायद्याखाली नोंदवले गेले, तो मुळात सहकारी संस्थांसाठी केलेला कायदा. १८४४ साली रॉचडेलच्या विणकरांनी किराणा दुकान काढताना जी तत्त्वं मांडली, तीच पुढं जगभर पसरली. आपल्याकडं १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, पुढं प्रवरेला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी साखर कारखाना उभा केला, त्यामागंही हाच विचार होता: शेअर कितीही असोत, माणशी मत एक. फुटबॉलच्या मैदानात तो शिरायला मात्र बराच उशीर झाला. नॉर्थॅम्प्टन टाउन हा क्लब कर्जात बुडत असताना १९९२ मध्ये तिथल्या चाहत्यांनी पहिला ट्रस्ट काढला. पैसे जमवायचे, पण नुसते दान म्हणून द्यायचे नाहीत, त्या बदल्यात कारभारात जागा मागायची, ही त्यांची अट. एक्सेटरची वर्गणी जन्मली ती त्याच वळणावर, २००० साली.

ती आली तेव्हा घराची अवस्था काय होती, ते सांगायलाच हवं.

एक्सेटर सिटी हा काही नामांकित क्लब नव्हे. मोठा करंडक नाही, पहिल्या श्रेणीत पाऊल नाही. पण त्याच्या पदरी एक अशी गोष्ट आहे की जी जगातल्या भल्याभल्या क्लबांकडं नाही. १९१४ च्या उन्हाळ्यात हा संघ जहाजानं दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. परतीच्या वाटेवर, २१ जुलै रोजी, रिओच्या लारांजेरास मैदानावर त्यांच्यासमोर रिओ आणि साओ पाउलोचे निवडक खेळाडू एकत्र उतरले. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचा पहिला सामना म्हणून तोच मानला जातो. ब्राझील २-० नं जिंकला. फ्रीडनराइश या त्यांच्या अव्वल खेळाडूचे त्या झटापटीत दोन दात पडले, पण त्यानं मैदान सोडलं नाही. पुढं काही दिवसांतच पहिलं महायुद्ध पेटलं. पाच वेळा जगज्जेता झालेला ब्राझील पहिल्यांदा खेळला तो डेव्हनच्या या साध्यासुध्या संघाशी. हा अभिमान एक्सेटरची माणसं आजही छातीवर मिरवतात.

अभिमानानं पगार भागत नाहीत. नव्वदच्या दशकात क्लब इतका डबघाईला आला की मैदानाची जागाच एका गृहबांधणी कंपनीला विकली गेली. शेवटी नगरपालिकेनं ती विकत घेतली आणि क्लबला भाड्यानं दिली, म्हणून मैदानावर घरं उभी राहिली नाहीत. वर्गणी मालकीण झाली तरी भाडेकरूच राहिली, हे तिच्याबद्दल विसरून चालणार नाही.

मग २००२ साल आलं. नव्या हातांत कारभार गेला आणि अचानक सगळीकडं झगमगाट झाला. चमचे वाकवणारे युरी गेलर सहअध्यक्ष झाले. त्यांच्या ओळखीनं जूनमध्ये मायकल जॅक्सन सेंट जेम्स पार्क या क्लबच्या मैदानावर आले, प्रेक्षकांसमोर चार शब्द बोलले आणि क्लबचे मानद संचालकही झाले. जगभरच्या वर्तमानपत्रांत एक्सेटरचं नाव झळकलं. तिजोरीत मात्र खडखडाट होता. पुढच्या वर्षी ३ मे २००३ रोजी हंगामाचा शेवटचा सामना एक्सेटरनं साउथएंडविरुद्ध १-० नं जिंकला. तरीही उपयोग झाला नाही, कारण त्याच दुपारी तळाच्याच शर्यतीतल्या स्वान्सीनं हलला ४-२ असं हरवलं. १९२० पासून फुटबॉल लीगमध्ये असलेला एक्सेटर लीगबाहेर फेकला गेला, पाचव्या पायरीवर. त्याच महिन्यात पोलिसांनी कारभार पाहणाऱ्या दोघा संचालकांना अटक केली आणि पुढं न्यायालयात ते दोषी ठरले.

अशा वेळी श्रीमंत माणूस काय करतो, ते आपल्याला माहीत आहे. तो घर पाहतो, भिंतींना हात लावतो, छपराकडं नजर टाकतो आणि निघून जातो. वर्गणी निघून गेली नाही, कारण तिला दुसरं घरच नव्हतं. त्या मे महिन्यात ट्रस्टनं रोजचा कारभार अंगावर घेतला, सप्टेंबरमध्ये बहुसंख्य शेअर विकत घेतले. शेअरांबरोबर लाखो पौंडांचं कर्जही आलं. कुणाचं किती देणं आहे, कुठल्या कागदावर कुणाची सही आहे, याचा माग काढण्यापासून सुरुवात. पगार कसे द्यायचे, गवत कोण कापणार, गळकं छप्पर कोण दुरुस्त करणार? ज्यांच्या खात्यांतून दोन पौंड वळते होत होते, तीच माणसं सुट्टीच्या दिवशी रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन आली. सामन्याच्या दिवशी फाटकाशी बादल्या घेऊन उभी राहिली. वर्गणीचं रूप पाहायचं असेल तर ते तिथं, त्या बादलीच्या तळाशी पडणाऱ्या नाण्यांत पाहावं. देणारा समोर उभा, मागणारा त्याच्याच गल्लीतला.

घेणेकऱ्यांशी कायदेशीर तडजोड झाली. पण तडजोडीचे हप्तेही कुठून तरी आणायचे होतेच.

इथं नशिबानं हात दिला, तोही काय हात! २००४-०५ च्या एफए कपमध्ये लीगबाहेरच्या एक्सेटरनं ग्रिम्सबीला आणि डॉनकॅस्टरला हरवलं आणि तिसऱ्या फेरीच्या सोडतीत चिठ्ठी निघाली मँचेस्टर युनायटेडची, तीही त्यांच्या मैदानावर. ८ जानेवारी २००५. ओल्ड ट्रॅफर्डवर ६७,५५१ प्रेक्षक. डेव्हनहून हजारो माणसं बसनं, रेल्वेनं, मिळेल त्या गाडीनं उत्तरेला निघाली. कपच्या सामन्यात तिकिटांच्या उत्पन्नात पाहुण्या संघाचाही वाटा असतो, त्यामुळं ट्रस्टच्या हिशेबनिसांच्या दृष्टीनं सामना सुरू होण्याआधीच जिंकल्यात जमा होता. पण खेळाडूंना ते पुरेसं वाटलं नाही. नव्वद मिनिटं त्यांनी जीव तोडून गोल अडवले. सर ॲलेक्स फर्ग्युसन यांचा संघ आपल्या घरच्या मैदानावर एका पाचव्या पायरीच्या क्लबला एकही गोल मारू शकला नाही. ०-०.

त्या काळी बरोबरी म्हणजे दुसरा सामना असे, आणि तो आता एक्सेटरला. दूरचित्रवाणीचे पैसे, पुन्हा तिकिटं. १९ जानेवारीच्या रात्री सेंट जेम्स पार्कच्या त्या चिमुकल्या मैदानावर रोनाल्डो आणि रूनी उतरले, दोघांनी एकेक गोल केला, युनायटेड जिंकला. हरल्याचं दुःख कुणाला झालं असेल, असं मला वाटत नाही. त्या दोन सामन्यांच्या कमाईनं कर्जाचा मोठा भार हलका केला. कुणी म्हणेल, वर्गणीचं यात काय, सोडत चांगली निघाली म्हणून वाचले. खरं आहे. पण सोडतीच्या दिवशी क्लब जिवंत असावा लागतो. मधल्या अठरा महिन्यांत तिनं तो जिवंत ठेवला होता.

आता तिच्या कंजूषपणाबद्दल. तो आहे, आणि तो लपवण्यासारखा नाही. तिच्या घरात पैसे आधी येतात, मग खर्च होतात. दर हंगामात दुसऱ्या क्लबांचे मालक खिशातून तूट भरून काढत असताना ती खेळाडूला सांगते, आमच्याकडं एवढेच आहेत. या हिशेबात बसणारा प्रशिक्षक मिळणं कठीण. तिला तो पॉल टिस्डेल यांच्या रूपानं २००६ मध्ये मिळाला आणि बारा वर्षं राहिला. २००८ मध्ये वेम्बलीवर केंब्रिज युनायटेडला १-० नं हरवून क्लब फुटबॉल लीगमध्ये परतला, पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी वर चढला. नोव्हेंबर २०१६ मध्ये संघ चौथ्या श्रेणीच्या तळाला गेला, तेव्हा क्लबनं टिस्डेल यांना करार संपवण्याची नोटीस दिली, पण खुर्चीवरून उठवलं नाही. त्यांनी त्याच संघाला त्या हंगामात पाचव्या क्रमांकावर नेलं आणि लागोपाठ दोन वर्षं बढतीच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचवलं. दोन्ही हरले, तो भाग वेगळा. तळाला गेलेल्या संघाच्या प्रशिक्षकाला दुसऱ्या दिवशी निरोपाचा नारळ देण्याच्या धंद्यात हा धीर विरळा. त्यातला काही धीर नाइलाजाचा असेल, कारण नुकसानभरपाई द्यायलाही पैसे लागतात. तरी परिणाम धीराचाच होता.

तिच्या घरातली एक गोष्ट मात्र हिशेबात मावत नाही.

ॲडम स्टॅन्सफील्ड हा डेव्हनचाच मुलगा, आघाडीचा खेळाडू, पाठीवर ९ क्रमांक. २००८ आणि २००९ या दोन्ही बढत्यांमध्ये तो संघात होता. ऑगस्ट २०१० मध्ये आतड्याच्या कर्करोगानं तो गेला, वय अवघं ३१. क्लबनं ठरवलं की पुढचे नऊ हंगाम हा क्रमांक कुणालाही द्यायचा नाही. लहान क्लबात आघाडीच्या नव्या खेळाडूला ९ नंबरची जर्सी हवी असते, तीच जर्सी मुलं विकत घेतात. तरी नऊ वर्षं तो आकडा यादीतून गाळला गेला. जुना स्टँड पाडून २०१८ मध्ये नवा उभा राहिला, त्याला स्टॅन्सफील्डचं नाव दिलं. वडील गेले तेव्हा त्याचा मुलगा जे स्टॅन्सफील्ड लहान होता; तो क्लबच्याच अकादमीत वाढला, मग फुलहॅमला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये तो उसना खेळाडू म्हणून परत आला, आणि त्याच्या अंगावर वडिलांची ९ क्रमांकाची जर्सी आली. वडिलांचं नाव लिहिलेल्या स्टँडसमोर तो वडिलांच्या क्रमांकानं धावला. नफ्यातोट्याकडं पाहणाऱ्या मालकानंही हे केलं असतं कदाचित. पण नऊ वर्षांत मालकच दोनदा बदलला असता, तर दिलेला शब्द कुणाच्या लक्षात राहिला असता?

अडचणीची वर्षं तिच्याही वाट्याला आली. २०१२ मध्ये संघ खाली घसरला, उत्पन्न आटलं आणि २०१४ च्या उन्हाळ्यात पगार द्यायला पैसे उरले नाहीत. खेळाडूंच्या संघटनेकडून कर्ज घ्यावं लागलं आणि ते फिटेपर्यंत नवे खेळाडू घ्यायला बंदी आली. योगायोग असा की त्याच जुलैत ब्राझीलच्या त्या सामन्याला शंभर वर्षं होत होती आणि संघ रिओला जाऊन त्याच लारांजेरास मैदानावर फ्लुमिनेन्सच्या तरुण संघाशी खेळणार होता. एकीकडं शताब्दी, दुसरीकडं पगाराची पंचाईत. अशा वेळी वर्गणीवर टीका होणारच, आणि तेव्हा झालेली टीका मला रास्त वाटते. सगळ्यांचं घर म्हटलं की हिशेब कुणी बघायचा, हा प्रश्न कधी कधी कुणाचाच राहत नाही.

तिथून तिला वर काढलं ते मुलांनी. एक्सेटरची अकादमी ही तिची खरी मिळकत. मोठ्या नावांवर उधळायला पैसे नाहीत, म्हणून आसपासच्या गावांतली आठ-नऊ वर्षांची पोरं शोधायची, दहा वर्षं घडवायची आणि वेळ आली की विकायची. मॅट ग्राइम्स २०१५ च्या जानेवारीत स्वान्सीला गेला. ईथन अँपाडूला २०१७ मध्ये चेल्सीनं नेलं, तेव्हा तो अजून सज्ञानही नव्हता. भरपाई लवादानं ठरवली आणि ती एक्सेटरच्या लोकांना फार तोकडी वाटली. त्याच उन्हाळ्यात टॉर्कीत जन्मलेला ऑली वॉटकिन्स ब्रेंटफर्डला गेला. त्याच्या करारात तिनं एक अट घालून ठेवली होती: पुढं त्याला कुणी विकलं तर त्यातला हिस्सा आमचा. २०२० मध्ये ॲस्टन व्हिलानं त्याच्यासाठी कोट्यवधी पौंड मोजले. कोविडनं मैदानं ओस पडलेल्या त्या वर्षी तो हिस्सा एक्सेटरला मिळाला. ज्या क्लबला तिकीटविक्रीचा एक पौंड येत नव्हता, त्याला तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या पोरानं हात दिला. जुलै २०२४ मध्ये युरो स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी नेदरलँड्सविरुद्ध गोल मारून इंग्लंडला अंतिम फेरीत नेणारा तो हाच.

मुलं विकायची हे ऐकायला बरं वाटत नाही, मलाही वाटत नाही. बिग बँक नावाच्या उभ्यानं सामना पाहायच्या स्टँडवर जी माणसं शनिवारी घसा फोडून ओरडतात, त्यांना आपला सर्वांत चांगला खेळाडू दर दोन वर्षांनी दुसऱ्याच्या जर्सीत पाहावा लागतो. पण हे पैसे कुणाच्या खिशात जात नाहीत. शहराबाहेरचं कॅट अँड फिडल हे सरावाचं मैदान याच पैशांतून सुधारलं आणि पुढची पोरं तिथंच सराव करतात.

तिच्या बहिणींची गतही पाहायला हवी. सगळ्यांची सारखी नाही. स्वान्सीच्या चाहत्यांचा ट्रस्ट एक्सेटरच्याच काळातला. तिथं ट्रस्टकडं २१ टक्के शेअर होते, बाकीचे स्थानिक व्यावसायिकांकडं. २०११ मध्ये स्वान्सी प्रीमियर लीगमध्ये पोचला, २०१३ मध्ये लीग कप जिंकला, सगळे त्याचं उदाहरण देऊ लागले. २०१६ मध्ये बाकीच्या भागधारकांनी आपला मोठा हिस्सा अमेरिकी खरेदीदारांना विकला. त्या बोलण्यांत आपल्याला घेतलंच नाही, असं ट्रस्टनं जाहीरपणे सांगितलं. २१ टक्क्यांना जेवणाच्या ताटावर जागा होती, घराच्या किल्ल्या नव्हत्या. पोर्ट्समथला २०१३ मध्ये चाहत्यांनी क्लब दिवाळखोरीतून उचलला आणि २०१७ मध्ये स्वतःच मतदान करून मायकल आइझनर यांच्या कंपनीला विकला. त्या मतदारांना मी दोष देणार नाही. मैदानाची डागडुजीच त्यांच्या आवाक्याबाहेरची होती. विम्बल्डनची बहीण सर्वांत जिद्दी. त्यांचा क्लबच २००२ मध्ये मिल्टन कीन्सला नेण्याची परवानगी मिळाली, तेव्हा काही दिवसांत चाहत्यांनी नवा क्लब काढला, खुल्या मैदानावर निवड चाचणी घेऊन खेळाडू गोळा केले, नऊ वर्षांत फुटबॉल लीग गाठली आणि पुढं नवं मैदान बांधताना पैसे कमी पडले तर चाहत्यांनीच रोखे घेऊन लाखो पौंड उभे केले.

या सगळ्यांत एक्सेटरची वर्गणी ना सर्वांत यशस्वी, ना सर्वांत गाजलेली. ती फक्त सर्वांत दीर्घकाळ टिकलेल्यांपैकी एक आहे. माझ्या लेखी हे यश कमी नाही. इंग्लंडमध्ये क्लब मरतातसुद्धा. १८८५ साली स्थापन झालेल्या बरी या क्लबला ऑगस्ट २०१९ मध्ये लीगनं काढून टाकलं, कारण मालकाला पैसे कुठून येणार ते दाखवता आलं नाही. त्या मालकानं तो एका पौंडाला घेतला होता. बरीच्या चाहत्यांनी किती ओरडा केला. पण ज्याच्या सहीनं काही होणार होतं तो एकच माणूस होता. आता २०२५ च्या कायद्यानं इंग्लंडनं फुटबॉलवर स्वतंत्र नियामक बसवला आहे, चाहत्यांचं मत विचारात घेणं क्लबांवर बंधनकारक केलं आहे. चांगलंच झालं. तरी विचारलं जाणं वेगळं आणि ठरवणं वेगळं.

तिचा खरा धोका बाहेरचा श्रीमंत नव्हे. सहकाराच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला तो धोका सांगावा लागत नाही. सभासद हजारो, पण वार्षिक सभेला खुर्च्या रिकाम्या. मतपत्रिका घरी येते आणि टेबलावर पडून राहते. मग चार घरची माणसं आलटून पालटून मंडळावर बसतात आणि संस्था कुणाची हे नावापुरतंच उरतं. आपल्याकडं किती कारखाने, किती बँका या वाटेनं गेल्या. एक्सेटरच्या ट्रस्टच्या निवडणुकीतही उमेदवार शोधावे लागतात, सामन्याला येणाऱ्या गर्दीतला मोठा भाग सभासदच नसतो. दोन पौंड इतके कमी की देऊन विसरणं सोपं. तिच्या साधेपणातच ही फट आहे, आणि ती बुजवायला कुठलाही कायदा येणार नाही. सभासदानं उठून सभेला जावं लागतं.

बाहेरच्या गुंतवणूकदाराला भागीदार करावं का, हा वादही तिच्या घरात अधूनमधून निघतो. वाद घालणाऱ्यांची बाजू मला कळते. २०२२ पासून संघ तिसऱ्या श्रेणीत खेळू लागला, समोर असे क्लब ज्यांचे मालक एका खेळाडूवर एक्सेटरच्या सबंध वर्षाच्या अंदाजपत्रकाइतका खर्च करू शकतात. बढतीचे तीन अंतिम सामने चार वर्षांत हरलेल्या माणसाला ‘आहे त्यात समाधान मान’ असं कसं सांगणार? मी सांगणारही नाही. मी एवढंच म्हणेन, विकायचा तर तो निर्णय सभासदांनी मत देऊन घ्यावा, आणि मत देण्यापूर्वी बरीकडं एकदा नीट पाहावं.

११ फेब्रुवारी २०२५ ची रात्र मी त्या वादात पुरावा म्हणून मांडेन. एफए कपची चौथी फेरी, सेंट जेम्स पार्क, समोर नॉटिंगहॅम फॉरेस्ट. त्या वेळी फॉरेस्ट प्रीमियर लीगच्या वरच्या टोकाला, मालक ग्रीसचे जहाजसम्राट मारिनाकिस. एक्सेटरनं पहिला गोल केला. फॉरेस्टनं दोन मारले. एक्सेटरनं पुन्हा बरोबरी साधली, दोन्ही गोल जॉश मॅगेनिसचे. दहा खेळाडू उरले तरी जादा वेळ संपेपर्यंत त्यांनी तिसरा गोल होऊ दिला नाही. पेनल्टीत फॉरेस्ट ४-२ नं जिंकला. बिग बँकवर उभी असलेली माणसं टाळ्या वाजवत राहिली; त्यांतल्या कित्येकांना पुढच्या महिन्यातल्या ट्रस्टच्या बैठकीत याच खेळाडूंच्या पगाराबद्दल, खेळपट्टीच्या निचऱ्याबद्दल आणि तिकिटांच्या दराबद्दल मंडळाला प्रश्न विचारता येणार होते, आणि मंडळाला उत्तर द्यावं लागणार होतं.